मालक नसलेलं पॅकेज डेबियनमधून काढताना

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, आणि पॅकेज म्हणजे तिच्यातून बसवता येणारा एखादा प्रोग्रॅम. ऑगस्ट 2025मध्ये डेबियन 13, म्हणजे ट्रिक्सी, प्रसिद्ध झालं. घोषणेत एकूण पॅकेजांचा आकडा होता 69,830. नव्याने आलेली 14,100हून अधिक, आणि कालबाह्य म्हणून काढलेली 8,840हून अधिक. त्याआधी 2023मध्ये बुकवर्म, म्हणजे डेबियन 12, आलं तेव्हाही 6,296हून अधिक पॅकेजं गेली होती. नव्याचं कौतुक सगळीकडे होतं. जाणारी पॅकेजं कशी जातात, कोण काढतं, काढण्याआधी कुणाकुणाला विचारतं, हे मात्र वापरणाऱ्यांना सहसा कळत नाही. ट्रिक्सीतून गेलेल्यांपैकी एका पॅकेजची विनंती मी बडोद्यातून पाठवली होती. तो सगळा प्रकार जसा घडला तसा सांगते.

मी डेबियनची अधिकृत डेव्हलपर नाही, मला थेट अपलोड करायचा अधिकार नाही. पोटापाण्याची नोकरी सर्व्हर सांभाळण्याची आहे. रात्री जेवणं आवरली की तासभर डेबियनच्या क्यूए गटाचं, म्हणजे गुणवत्ता गटाचं पडेल ते काम करते. या कामाला परवाना लागत नाही. बग नीट तपासता आला, पत्र नीट लिहिता आलं आणि उत्तराची वाट बघायची तयारी असली की पुरतं.

सुरुवात 2024च्या पुरानंतर झाली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीचं पाणी बडोद्याच्या बऱ्याच भागांत शिरलं होतं. दांडिया बाजारात आमच्या ओळखीचं एक जुनं मराठी मंडळ आहे. तिथल्या नानाकाकांनी खबरदारी म्हणून ऑफिसातला संगणक उचलून माळ्यावर ठेवला होता. पाणी ओसरल्यावर तो खाली आणून जोडून द्यायला मला बोलावलं. मशीनवर डेबियन 11 होतं, कधीकाळी एका कार्यकर्त्याने घालून दिलेलं. मशीन चालू झालं आणि काकांनी सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम उघडून बघितला: पत्त्यांची लेबलं छापायचा. मंडळाचं त्रैमासिक सभासदांना पोस्टाने जातं आणि त्याची लेबलं कित्येक वर्षं त्याच्यावरच निघत होती. मॉनिटरच्या कडेला एक कागद चिकटवलेला होता: "प्रिव्ह्यू दाबू नये." का, म्हणून विचारलं तर काका म्हणाले, "बंद पडतं गं ते. सरळ प्रिंट द्यायची, मग काही त्रास नाही."

मशीन पुढच्या आवृत्तीवर न्यायचं होतंच. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही, 11वरून 12, मग 13, असंच जावं लागतं. म्हणून मशीनवरच्या प्रत्येक महत्त्वाच्या पॅकेजची पुढे काय स्थिती आहे ते घरी येऊन बघायला लागले, आणि या लेबलवाल्यापाशी थांबले.

पॅकेजचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्या माणसाने ते डेबियनमध्ये आणलं त्याने वर्षानुवर्षं एक पैसा न घेता ते सांभाळलं. त्याचं नाव शोधून कुणी त्याला बोल लावावा असं मला वाटत नाही.

मेंटेनरचं, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याचं, शेवटचं अपलोड 2016 सालचं. त्यानंतर एकदोन त्रयस्थांनी तेवढ्यापुरत्या दुरुस्त्या केलेल्या. मूळ लेखकाचं संकेतस्थळ आधी गूगल कोडवर होतं. ती सेवा जानेवारी 2016मध्ये बंद झाली, तेव्हा त्याने स्वतःचं डोमेन घेतलं. त्या डोमेनचं भाडं पुढे कुणी भरलं नसावं, कारण मी पत्ता उघडला तेव्हा सट्टा लावायच्या जाहिराती आल्या. हे मला फार लागलं. पॅकेजच्या माहितीत 'होमपेज' म्हणून तोच पत्ता छापलेला, आणि सॉफ्टवेअर बसवताना माणूस डेबियनवरच्या विश्वासाने त्यावर टिचकी मारतो. पॅकेजिंगच्या कोडचा पत्ता तर अ‍ॅलिओथवरचा. अ‍ॅलिओथ हा डेबियनचा जुना कोड-सर्व्हर, तो 2018मध्ये बंद झाला आणि सगळे साल्सा या नव्या सर्व्हरवर गेले. ज्या पॅकेजांचे पत्ते अजून अ‍ॅलिओथचे आहेत, तिथे 2018पासून कुणी फिरकलेलं नाही असं खुशाल समजावं.

मेंटेनरचं काय झालं, हेही नोंदीत होतं. डेबियनमध्ये 'एमआयए' नावाचा एक गट आहे, जे मेंटेनर दिसेनासे झाले त्यांची विचारपूस करणारा. आधी साधं पत्र: बरे आहात ना, पॅकेजांकडे बघायला वेळ मिळतोय का? उत्तर नाही आलं तर काही काळाने दुसरं, मग आणखी एक. कुणाचं आजारपण निघतं, कुणाची नोकरी बदललेली असते, कुणाच्या घरी लहान मूल आलेलं असतं. या मेंटेनरने उत्तर दिलं होतं. आता जमत नाही, पॅकेज मोकळं करा, इतकंच. मग ते रीतसर अनाथ म्हणून जाहीर झालं आणि मेंटेनरच्या जागी क्यूए गटाचं नाव लागलं. वाचणाऱ्याला वाटतं, चला, गट बघतोय. प्रत्यक्षात त्या नावाखाली शेकडो पॅकेजं असतात आणि त्यांतल्या एखाद्याचा कोड रोज उघडून बघणारा माणूस कुणीच नसतो.

आता बग. लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधतो तो कंपायलर. जीसीसी 14 या कंपायलरने 2024मध्ये एक जुनी सवलत बंद केली. सी भाषेत एखादं फंक्शन आधी न सांगता वापरलं, तर जुने कंपायलर नुसती ताकीद देऊन पुढे जायचे आणि ते फंक्शन पूर्णांक परत करतं असं गृहीत धरायचे. जीसीसी 14 तिथेच थांबतो, ती चूक मानतो. डेबियनने तो कंपायलर स्वीकारताच असा जुना कोड असलेली पॅकेजं बांधलीच जाईनात. ज्या पॅकेजांना माणूस होता, त्यांनी त्या दुरुस्त्या करून टाकल्या. आमचं लेबलवालं तसंच पडून राहिलं, त्याच्यावर 'गंभीर' दर्जाचा बग लागला, आणि ठरलेली मुदत उलटल्यावर ते टेस्टिंगमधून, म्हणजे पुढची आवृत्ती तयार होते त्या विभागातून, आपोआप बाहेर पडलं. अनस्टेबलमध्ये, म्हणजे अपलोड आधी येतात त्या विभागात, तेवढं उरलं होतं.

मी कोड उतरवून घेतला आणि ती ओळ शोधली. फंक्शन पॉइंटर परत करत होतं, म्हणजे मेमरीतला पत्ता. 64 बिटांच्या मशीनवर पत्ता 64 बिटांचा आणि पूर्णांक 32 बिटांचा. घोषणा नसल्याने कंपायलर पत्त्याचा अर्धा भाग कापून टाकत होता. आणि ते फंक्शन कुठे वापरलं होतं? प्रिव्ह्यूमध्ये. काकांच्या मॉनिटरवरच्या कागदाचं मूळ ते!

मग प्रश्न पडला की पूर्वी हे कसं चालत होतं. बगांच्या यादीत 2017ची एक तक्रार सापडली: नव्या आवृत्तीवर गेल्यापासून प्रिव्ह्यू दाबलं की प्रोग्रॅम बंद पडतो. उत्तर कुणी दिलेलं नाही. 2017मध्ये डेबियन 9, स्ट्रेच आलं होतं. त्यात सगळे प्रोग्रॅम 'पाय' पद्धतीने बांधले जाऊ लागले. या पद्धतीत प्रोग्रॅम दर वेळी मेमरीत वेगळ्या, बेभरवशाच्या जागी चढतो, हल्लेखोराला पत्ता आधी ठाऊक असू नये म्हणून. त्याआधी प्रोग्रॅमची मेमरी बहुधा खालच्या पत्त्यांवर मिळायची. तिथे पत्त्याचा वरचा अर्धा भाग शून्यच असायचा, तो कापला तरी काही बिघडत नसे. म्हणजे चूक पहिल्यापासून होती आणि निव्वळ योगायोगाने झाकली गेली होती. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने ती उघडी पडली, वापरणाऱ्याने नीट कळवली, आणि सात वर्षं ती तशीच राहिली.

दुरुस्ती एका ओळीची होती. त्या फंक्शनची घोषणा असलेली हेडर फाइल जोडली, पॅकेज बांधलं, प्रिव्ह्यू उघडला. इथे कुणीही म्हणेल, झालं की मग! पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, पाठवा आणि राहू द्या पॅकेज. मीही त्याच विचारात होते. पण पुढच्या वर्षी जीसीसी 15 येणार होता, तो सी भाषेचं नवं प्रमाण गृहीत धरणार आणि आणखी काही जुने कोड अडणार. प्रोग्रॅम खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या जीटीके 2 या संचावर उभा, आणि जीटीके 2ची शेवटची आवृत्ती 2020च्या डिसेंबरात आली, त्यापुढे येणार नाही. तो उद्या गेला की अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागेल. आजची ओळ मी जोडेन, उद्याची कोण जोडणार? पॅकेज दत्तक घ्यायचं तर ते रोज वापरणारा माणूस हवा. मी पत्त्यांची लेबलं छापत नाही.

दुसऱ्या कुणाला देऊन टाकावं, तर तेही डोळे मिटून करण्यासारखं नाही. त्याच 2024च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या साधनाचं प्रकरण घडलं होतं. एकट्या, थकलेल्या मेंटेनरला मदत करायला एक अनोळखी नाव पुढे आलं, बराच काळ चांगलं काम करून त्याने विश्वास मिळवला, आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदार घातलं. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर जायच्या साधनाने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला आणि ते खोलात गेले, म्हणून जग वाचलं. त्याआधी 2018मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांनीच भरलेल्या पॅकेजांच्या संग्रहात, तर पीडीएफ वाचणाऱ्या अ‍ॅक्रोरीडचं अनाथ पॅकेज कुणीतरी सरळ दत्तक घेऊन त्यात घातक कोड टाकला होता. डेबियनमध्ये नवख्याचं अपलोड एखाद्या डेव्हलपरच्या नजरेखालून जातं, त्यामुळे इतकं सोपं नाही. तरी मालक नसलेलं पॅकेज हे कुलूप नसलेल्या घरासारखं असतं, कोण आत जाऊन बसेल सांगता येत नाही.

इतकं ठरल्यावर आधी काकांकडे गेले. मंडळाची यादी त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलमध्ये होती, ती बाहेर काढल्याशिवाय पुढे जाणं मला पटत नव्हतं. काकांना सांगितलं तर ते वैतागले.

"अगं, चालतंय ना? मग काढता कशाला?"

"काका, तुमच्या मशीनवरून कुणी काढत नाहीये. तुम्ही डेबियन 11वर आहात, त्यात ते राहणारच. पुढे 13मध्ये ते मिळणार नाही."

"मग पुढची आवृत्ती नको आम्हाला."

"आहे ती 11ही कायमची नाही. 2026च्या ऑगस्टनंतर 11ला सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत. आणि हे मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे. वर्गणीचे हिशेब आहेत त्याच्यावर."

काका गप्प बसले, पण त्यांना पटलेलं नव्हतं. आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. ज्याचं काम अडलेलं नाही त्याला कुठल्या कंपायलरचं काय सांगावं?

फाइल म्हणजे कॉम्प्रेस केलेलं साधं एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला मजकूर, होतं. उलगडून त्यातून नावं-पत्ते काढणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली, ती चालवली आणि ती मध्येच अडली: अमुक ठिकाणचा बाइट वैध नाही. तो काढून पुढे गेले तर पुढे पुन्हा तेच. फाइल उघडून बघितली तेव्हा लक्षात आलं की लांब नावं शेवटी तुटलेली आहेत. कुठे मात्रा गेलेली, कुठे आडनावाचं अर्धं अक्षर. कोडमध्ये परत गेले. प्रत्येक ओळीसाठी 64 बाइटची जागा ठेवलेली होती. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तिथे ती भरपूर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटांचं, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजून. एकट्या 'चंद्रशेखर'ला 27 बाइट लागतात. त्याच्यामागे 'श्री.' आणि पुढे वडिलांचं नाव आलं की आडनावापर्यंत जागा संपते. स्पेस आणि टिंब एकेक बाइटचे असल्याने कापणी कधी कधी चिन्हाच्या मध्येच होते. आणि सगळ्यात वाईट हे की प्रोग्रॅम फाइल वाचताना नाव कापायचा, आणि सेव्ह केलं की ते कापलेलंच फाइलमध्ये लिहायचा. लेबलावर नाव अपुरं आलं एवढ्यावर भागत नव्हतं, मूळ नोंदच गेलेली होती.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीनवरची नावं वाचली आणि म्हणाले, "मला वाटायचं प्रिंटर शाई कमी सोडतोय." मग उठून कपाटातून वर्गणीची नोंदवही काढली, हाताने लिहिलेली. ते वाचून दाखवत होते आणि मी एकेक नाव पुरं करत होते. सभासदांपैकी कुणी कळवलं नव्हतं का, असं मी विचारलं. एका वृद्ध बाईंनी दोनदा कळवलं होतं की अंकावर माझं आडनाव चुकीचं येतं. काकांनी दोन्ही वेळा ते प्रोग्रॅममध्ये दुरुस्त केलं होतं आणि प्रोग्रॅमने दोन्ही वेळा परत कापलं होतं. त्या दिवसानंतर काकांनी "चालतंय ना" म्हटलं नाही.

घरी येऊन हे सगळं मी पॅकेजच्या बगमध्ये नोंदवलं. डेबियनच्या व्याख्येत माहिती नष्ट करणारा दोष 'ग्रेव्ह' दर्जाचा ठरतो. आता माझ्या मनात शंका राहिली नाही. डेबियनच्या भांडारात एखादं पॅकेज असणं म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो, की काही बिघडलं तर ऐकून घेणारं कुणी आहे. 2017ला तक्रार करणाऱ्याला आणि त्या बाईंना हा शब्द कुणी पाळला नव्हता. जिथे माणूस नाही तिथे शब्द देऊन ठेवणं हे मला पॅकेज काढण्यापेक्षा कितीतरी कठोर वाटतं.

काढायची रीत अशी. थेट 'काढा' म्हणता येतं, पण अनाथ पॅकेजाच्या बाबतीत आधी त्याच पॅकेजावर एक बग, म्हणजे बग यंत्रणेत एक नोंद, टाकणं चांगलं: हे काढावं का? मी तसंच केलं. त्यात शेवटचं अपलोड कधीचं, मूळ लेखकाचा ठावठिकाणा नाही, होमपेज परक्याच्या हातात, प्रिव्ह्यूचा दोष, कापली जाणारी नावं, जीटीके 2, असं सगळं लिहिलं. माझा पॅच जोडला. पर्याय म्हणून लिबरऑफिसमधली लेबलांची सोय कशी वापरायची ते लिहिलं, आणि यादी बाहेर काढणारी स्क्रिप्टही दिली. शेवटी लिहिलं की कुणाला हे पॅकेज सांभाळायचं असेल तर हा बग सरळ बंद करावा, कारण द्यायचीही गरज नाही. हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. काढणाऱ्याने समोरच्याकडून खुलासे मागायचे नसतात, ठेवू इच्छिणाऱ्याला वाट मोकळी करून द्यायची असते.

मग वाट बघायची. या काळात दोन कामं केली. एक म्हणजे अवलंबून कोण आहे ते तपासणं. दुसरं एखादं पॅकेज चालायला किंवा बांधायला याची गरज असेल तर काढताच ते मोडतं. भांडार सांभाळणारा एफटीपी-मास्टर गटही काढण्याआधी हे तपासतो, पण त्यांच्यावर का टाकावं? चालण्यासाठी अवलंबून असलेलं कुणी नव्हतं, बांधण्यासाठीही नव्हतं. एका मेटापॅकेजने, म्हणजे इतर पॅकेजं एकत्र बसवून देणाऱ्या पॅकेजाने, मात्र शिफारस म्हणून याचं नाव घातलेलं होतं. शिफारशीमुळे काढणं अडत नाही. तरी त्या गटाला पत्र टाकलं, त्यांनी पुढच्या अपलोडमध्ये नाव काढून टाकलं.

दुसरं काम, वापरणारे किती ते बघणं. डेबियनमध्ये 'पॉपकॉन' आहे, कुठलं पॅकेज किती मशीनवर आहे ते दर आठवड्याला मोजणारं. आमच्या पॅकेजाचा आकडा अगदीच किरकोळ होता. पण पॉपकॉन ऐच्छिक आहे आणि मशीन बसवताना त्याचं ठेवलेलं उत्तर 'नाही' असतं. मंडळाचं मशीन त्यात नव्हतं, हे मी स्वतः बघितलं होतं. म्हणून 'पॉपकॉन कमी, म्हणजे कुणी वापरत नाही' असा निष्कर्ष काढणारी विनंती दिसली की मला थांबवावंसं वाटतं. आकडा कमी असणं हे फार तर एक पूरक कारण. पॅकेज काढायचं ते सांभाळणारा नाही म्हणून. वापरणारे थोडे आहेत या कारणाने काढलं तर आपल्या भाषांची निम्मी साधनं उद्या जातील.

बगवर दोन उत्तरं आली. एक परदेशातल्या शाळेतून: आम्ही वापरतो, पण सांभाळायला आमच्याकडे कुणी नाही, स्क्रिप्टबद्दल आभार. दुसऱ्याने स्क्रिप्टमधली एक त्रुटी दाखवली, ती सुधारली. दत्तक घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

महिनाभराहून जास्त थांबल्यावर नियंत्रणाच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. डेबियनची बग यंत्रणा अजून ईमेलवरच चालते, आणि मला ती आवडते. चार ओळींत काम होतं: बग एफटीपी-मास्टरांच्या नावावर करा, शीर्षक बदला, दर्जा सामान्य करा. शीर्षकात 'आरएम' म्हणजे काढा, पॅकेजचं नाव, 'आरओक्यूए' म्हणजे क्यूएच्या विनंतीवरून, आणि थोडक्यात कारण. मेंटेनर स्वतः मागतो तेव्हा तिथे 'आरओएम' येतं.

पत्र जायच्या आधी एक खासगी पत्र लिहिलं, 2017च्या तक्रारदाराला. पॅकेज काढलं की त्याच्यावरचे सगळे उघडे बग यंत्रणा आपोआप बंद करते, आवृत्तीपुढे 'अधिक आरएम' अशी खूण लावून, आणि प्रत्येक तक्रारदाराला ठरावीक मजकुराचं पत्र जातं. सात वर्षं उत्तराची वाट बघणाऱ्याला पहिलं उत्तर यंत्राकडून, तेही 'बग बंद' असं मिळावं, हे मला बरं वाटेना. त्याला कारण समजावून सांगितलं, त्याची तक्रार अगदी बरोबर होती हे सांगितलं आणि पॅच पाठवला. त्याचं उत्तर आलं. तो आता ते वापरत नव्हता, पण अर्धा कापलेला पॉइंटर वाचून त्याला बरं वाटलं होतं. आपलंच मशीन खराब आहे असं समजून त्याने तेव्हा मेमरीची पट्टी बदलली होती.

एफटीपी-मास्टरांनी विनंती मंजूर केली आणि पॅकेज अनस्टेबलमधून गेलं. ते नाहीसं झालं असं नाही. जुन्या स्टेबल आवृत्त्यांत ते आहे, आणि स्नॅपशॉट या संग्रहात 2005पासूनचं जे जे भांडारात आलं ते सगळं ठेवलेलं असतं. उद्या कुणी उत्साही माणूस आला तर तिथून स्रोत उचलून, बगमधला माझा पॅच लावून ते पुन्हा आणू शकतो. नव्या पॅकेजाच्या रांगेतून जावं लागेल, इतकंच.

ज्यांच्या मशीनवर असं पॅकेज आधीच बसलेलं आहे त्यांना अपग्रेडनंतर काही कळत नाही, हा या सगळ्यातला मला खटकणारा भाग आहे. पॅकेज जागेवरच राहतं, चालतंही, फक्त त्याला दुरुस्त्या येणं थांबलेलं असतं. पॅकेजं बसवणाऱ्या अ‍ॅप्टला 'लिस्ट' म्हणून पुढे तरंगचिन्ह आणि इंग्रजी ओ हे अक्षर अवतरणांत दिलं की अशी मागे राहिलेली पॅकेजं तो दाखवतो. प्रत्येक मोठ्या अपग्रेडनंतर हे एकदा करावं. आमच्या नोकरीतल्या सर्व्हरांवर मी केलं तर विस्मरणात गेलेलं बरंच काही निघालं.

मंडळाचं मशीन आता डेबियन 13वर आहे. लेबलं लिबरऑफिसमधून निघतात, यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये आहे, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडेल अशी. काकांना नवी पद्धत अजून फारशी रुचलेली नाही. लेबलांची उजवी कड थोडी सरकते, त्यासाठी ते मला फोन करतात आणि मी जाऊन समास नीट करते. पॉपकॉन चालू करू का, असं विचारलं तेव्हा काय-काय बाहेर जातं ते त्यांनी आधी नीट समजून घेतलं. नावं-पत्ते जात नाहीत, पॅकेजांची यादी जाते, हे कळल्यावर म्हणाले, "मग कर. आपण आहोत हे त्यांना कळू दे."

यानंतर मी आणखी एका पॅकेजावर तसाच 'काढावं का' बग टाकला. गणिताच्या शिक्षकांसाठीचं एक छोटं साधन, तितकंच जुनं, तितकंच बेवारस. तिसऱ्याच दिवशी एका शिक्षकाचं पत्र आलं की मी हे वर्गात रोज वापरतो, पॅकेजिंग येत नाही, पण शिकेन. पहिल्या प्रयत्नात बरंच राहिलं होतं. होमपेजचा पत्ता बदलणं, कोड साल्सावर नेणं, परवान्याची फाइल नीट करणं, एकेक करत पत्रांतून झालं. तपासून अपलोड करायला एक डेव्हलपर तयार झाला. मेंटेनरच्या जागी आता त्या शिक्षकाचं नाव आहे, आणि माझा बग त्याने पहिल्या अपलोडसोबतच बंद केला.